पंचाहत्तर प्रश्न, नव्वद मिनिटे

सातारा-सांगलीकडे पाचवीतले पोर जरा चुणचुणीत निघाले, की दिवाळीनंतर ते घरच्यांच्या वाट्याला फारसे येत नाही. डिसेंबर-जानेवारीत नवोदयची प्रवेश परीक्षा, त्याच सुमारास सैनिक स्कूलची, फेब्रुवारीत शिष्यवृत्ती. मध्ये राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेवर होणारी संकलित चाचणी. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, आणि 2024 पासून पाचवीची ही वार्षिक पुन्हा पास-नापासाची झाली आहे. शिवाय दोन-तीन खासगी प्रज्ञाशोध परीक्षा, ज्यांत पदक बहुतेकांना मिळते आणि फी सगळ्यांना भरावी लागते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या तीन-चार महिन्यांत एवढे सगळे बसवायचे, तर त्यासाठी शाळा, पालक आणि क्लासवाले काय काय करतात आणि त्यातले नेमके काय उपयोगी पडते, हे एकदा नीट पाहायला हवे.

यातल्या दोन परीक्षा थोड्यांसाठी आहेत. साताऱ्याचे जवाहर नवोदय विद्यालय खावलीला, सांगलीचे पलूसला. प्रत्येक विद्यालयात सहावीला 80 जागा, त्यांतल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांसाठी, आणि परीक्षेला बसता येते आयुष्यात एकदाच. साताऱ्याचे सैनिक स्कूल हे देशातले पहिले. 23 जून 1961 ला ते सुरू झाले, त्यामुळे या भागात त्याचा दबदबा मोठा आहे. आता त्याची प्रवेश परीक्षा देशपातळीवर होते आणि सहावीच्या प्रवेशासाठी 125 प्रश्नांना 300 गुण असतात. या दोन्ही परीक्षांभोवती निवासी अकादम्यांचा एक धंदाच उभा राहिला आहे. चौथी संपता संपता मूल तिथे नेऊन ठेवायचे, नाव कुठल्या तरी शाळेच्या पटावर ठेवायचे आणि वर्षभर पर्याय रंगवून घ्यायचे. एका जिल्ह्यात ऐंशी जागा आणि अर्ज हजारोंनी, तेव्हा यातल्या बहुसंख्य मुलांच्या हाती वर्षाअखेर काय लागते ते पालकांनी स्वतःच विचारून पाहावे. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

वाडीवस्तीपर्यंत पोहोचलेली परीक्षा एकच, ती म्हणजे शिष्यवृत्ती. 1954-55 पासून चालत आलेली, मूळची चौथी आणि सातवीची. आजोबांनी दिली, वडिलांनी दिली, आणि वडील 'स्कॉलर' निघाले असतील तर ती गोष्ट सोयरिकीच्या बैठकीतही निघते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली आणि पुढे साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हापासून या पट्ट्यात शिकण्याचा मार्ग वसतिगृह आणि शिष्यवृत्ती या दोन पायऱ्यांनी जातो, हे लोकांच्या मनात पक्के बसले आहे. माणसारख्या दुष्काळी तालुक्याला अधिकाऱ्यांची खाण म्हणतात ते यामुळेच. पाऊस नाही, ऊस नाही, मग पोराच्या डोक्यात काय पिकते ते बघायचे.

पैशाच्या दृष्टीने पाहिले तर ही शिष्यवृत्ती बरीच वर्षे थट्टेचाच विषय होती. पाचवीच्या शिष्यवृत्तीधारकाला वर्षाला जास्तीत जास्त हजार रुपये मिळत. 2023 मध्ये शासनाने ही रक्कम पाचवीसाठी वर्षाला 5,000 आणि आठवीसाठी 7,500 केली. राज्यभरात दोन्ही इयत्तांचे मिळून शिष्यवृत्तीचे तेहेतीस हजारांच्या आसपास संच आहेत. आठवीच्या मुलांना याखेरीज राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते, जिला शाळेत सगळे 'एनएमएमएस' म्हणतात. तिच्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. त्यासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. त्या परीक्षेत पात्र होऊनही निवड न झालेल्या मराठा समाजातल्या मुलांना सारथी संस्थेकडून वर्षाला 9,600 मिळतात. शेतमजुराच्या घरात हा पैसा लहान नाही, आणि आठवीच्या तयारीला पालक गंभीरपणे घेऊ लागले त्यामागे हे मोठे कारण आहे. पाचवीच्या परीक्षेत मात्र अजूनही पैशापेक्षा मान मोठा.

2016-17 पासून ही परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला गेली. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे विभागले, त्याला धरून हा बदल होता. कागदावर तो सरळ होता, गावात मात्र त्याने घोळ घातला. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीपर्यंतच. चार वर्षे मुलाला घडवणाऱ्या गुरुजींच्या हातून परीक्षा निसटली आणि ती पाचवीला हायस्कुलात नव्याने आलेल्या, अजून वर्गही ओळखीचा न झालेल्या मुलाच्या वाट्याला आली. जिल्हा परिषदेच्या शाळांतला उत्साह ओसरला, परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या घटली. अखेर 2025 मध्ये शासनाने परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला आणायचे ठरवले आणि 2025-26 हे दोन्ही पद्धतींचे संधिवर्ष केले. हा निर्णय योग्य आहे असे मला वाटते. त्यातल्या धोक्याकडे पुढे येतो.

आता परीक्षेकडे बघू. पाचवीच्या परीक्षेत दोन पेपर. पहिल्यात प्रथम भाषेचे 25 प्रश्न आणि गणिताचे 50. दुसऱ्यात इंग्रजीचे 25 आणि बुद्धिमत्ता चाचणीचे 50. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, प्रत्येक पेपर 150 गुणांचा, वेळ दीड तास. पात्र ठरायला प्रत्येक पेपरात 40 टक्के, म्हणजे 60 गुण, म्हणजे 30 प्रश्न बरोबर यायला हवेत. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

इथे थोडी आकडेमोड करून पाहिली तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. चार पर्यायांतला एक डोळे मिटून रंगवला तरी सरासरीने चारांतला एक प्रश्न बरोबर येतो. समजा एखाद्या मुलीला पंचाहत्तरपैकी फक्त 15 प्रश्न खरोखर येतात. उरलेल्या 60 प्रश्नांना तिने अंदाजपंचे गोल रंगवले, तर आणखी 15 बरोबर येण्याची शक्यता आहे. झाले 30. म्हणजे पेपरातला जेमतेम पाचवा हिस्सा पक्का येणारे मूल पात्रतेच्या उंबरठ्यावर असायला हवे. प्रत्यक्षात अलीकडच्या वर्षांत पाचवीला बसलेल्या चार मुलांमागे जेमतेम एक पात्र ठरते आहे. बाकी तिघांना काहीच येत नाही, असे म्हणावे का? तसे नाही. वर्गात त्यातल्या बऱ्याच जणांना पाढे येतात, भागाकार येतो. त्यांचे घोडे दोन ठिकाणी अडते. एक, वेळ. 75 प्रश्नांना 90 मिनिटे म्हणजे प्रश्नामागे 72 सेकंद, त्यातच वाचायचे, विचार करायचा, कच्चे काम करायचे आणि उत्तरपत्रिकेवरचा गोलही रंगवायचा. घंटा वाजते तेव्हा अडखळत वाचणाऱ्या मुलाचे वीस-पंचवीस प्रश्न उघडायचेच राहिलेले असतात. दुसरे, चुकीचे पर्याय आंधळे नसतात. मूल कुठे घसरेल हे ओळखून ते तिथे ठेवलेले असतात.

नमुन्यादाखल एक प्रश्न मीच रचतो. एका शेतकऱ्याने 8 पेट्या डाळिंबे आणली, प्रत्येक पेटीत 24. त्यांतली 15 खराब निघाली. उरलेली एका पिशवीत 6 याप्रमाणे भरली, तर पिशवीत न भरता आलेली चांगली डाळिंबे किती? पर्याय: 29, 3, 177, 30. आटपाडीच्या मुलाला डाळिंब शिकवायला नको आणि गणितही त्याला येते. 8 गुणिले 24 म्हणजे 192, त्यातून 15 गेले, 177 राहिले, भागिले 6, भागाकार 29. तो 29 चा गोल ऐटीत रंगवतो आणि पुढे जातो. बाकी उरलेली 3 हेच उत्तर होते. गणितात तो कुठेही चुकलेला नाही. शेवटचे वाक्य त्याने वाचले नाही, किंवा वाचून त्याचा अर्थ मनात उतरला नाही. शेजारचा मुलगा 177 वर थांबला, कारण गाईडमधून त्याला सांगितलेले असते की 'उरलेली' आले की वजाबाकी.

शिष्यवृत्तीच्या तयारीचे सगळे प्रकार या एका प्रश्नावर घासून बघता येतात.

सर्वांत रूढ प्रकार गाईड आणि सराव पेपरांचा. दिवाळीनंतर रोज एक पेपर, शनिवारी दोन. सराव पेपर वाईट असे मी म्हणणार नाही. आठवून उत्तर देण्याने शिकलेले अधिक टिकते, हे रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रयोगाने दाखवले आहे. तो प्रयोग कॉलेजच्या मुलांवरचा असला तरी शिक्षकांना हे अनुभवाने ठाऊक असतेच. गोल पूर्ण आणि नीट रंगवणे, ए-बी-सी-डी संचांची भानगड, न येणारा प्रश्न सोडून पुढे जाणे आणि शेवटच्या पाच मिनिटांत एकही गोल रिकामा न ठेवणे, हे सवयीनेच येते. ही सवय व्हायला आठ-दहा पेपर पुरतात. पुढचे साठ-सत्तर पेपर बहुतेक ठिकाणी फक्त सोडवून होतात. गुण फळ्यावर लिहिले जातात, आणि 29 रंगवणाऱ्या मुलाशी '3 का?' यावर कुणी बोलत नाही. पेपर घेणे सोपे, तो मुलासमोर बसून उलगडणे कष्टाचे. जे शिक्षक मुलांना चुकांची वेगळी वही घालायला लावतात आणि प्रत्येक चुकीपुढे 'वाचले नाही', 'येत नव्हते' किंवा 'घाई' यांपैकी काय ते मुलालाच लिहायला सांगतात, त्यांची मुले कमी पेपर सोडवूनही पुढे जातात. दोन-तीन आठवड्यांत वही उघडून बघावी. 'वाचले नाही' हा शेरा सर्वांत जास्त वेळा सापडेल.

बुद्धिमत्ता चाचणीचेही तसेच. आरशातील प्रतिमा, पाण्यातील प्रतिबिंब, गटात न बसणारे पद, सांकेतिक भाषा, रांगेतला क्रम, घड्याळ, दिनदर्शिका. यांसाठी गाईडमध्ये युक्त्यांची पाने असतात. मात्र आरशातील प्रतिमेला युक्तीपेक्षा आरसा बरा. वीस रुपयांचा हातआरसा शब्दाशेजारी उभा धरला की डावे-उजवे कसे बदलते ते दिसते, शब्दाखाली आडवा ठेवला की पाण्यातले प्रतिबिंब मिळते. आठ दिवस मुलांना खेळू द्यावे, मग आरसा काढून घ्यावा. रांगेतल्या क्रमासाठी मुलांनाच मैदानात रांगेत उभे करावे. 'डावीकडून सातवा, उजवीकडून नववा, तर रांगेत किती' यात एक वजा का करायचा, हे तिथे उभ्या असलेल्या मुलाला सांगावे लागत नाही, कारण दोन्हीकडून मोजताना तोच दोनदा मोजला गेलेला असतो.

दुसरा प्रकार जादा तासांचा. सकाळी शाळेआधी तास, संध्याकाळी शाळेनंतर तास, आणि त्यासाठी एक पैसा न घेणारे गुरुजी-बाई या दोन्ही जिल्ह्यांत आजही आहेत. परीक्षेच्या दिवशी स्वतःच्या खर्चाने जीप करून मुलांना केंद्रावर नेणारेही आहेत. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच एक गोष्ट बोलायला हवी. जादा तासाला बहुतेक शाळांत सगळा वर्ग नसतो. जूनमध्ये एक चाचणी होते, त्यातून दहा-बारा मुले निवडली जातात आणि 'शिष्यवृत्तीची बॅच' तयार होते. बाकीचे वीस जण मागच्या बाकावर वर्षभर शुद्धलेखन काढतात. निकाल लागला की बॅचमधल्या दोघा-तिघांचे फोटो फ्लेक्सवर येतात आणि शाळेचा निकाल 'शंभर टक्के' म्हणून जाहीर होतो, कारण बाकीच्यांचे अर्जच भरलेले नसतात. हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत 2002 च्या कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी चाचण्या सक्तीच्या झाल्या. त्यानंतर टेक्सासमधल्या एका प्राथमिक शाळेचा अभ्यास करून जेनिफर बूहर-जेनिंग्ज यांनी 2005 मध्ये दाखवले की शिक्षक पास-नापासाच्या काठावरच्या मुलांवर सगळी शक्ती लावत होते आणि ज्यांची आशा नाही अशांना सोडून देत होते. तिथे काठावरची मुले निवडली गेली, आपल्याकडे वरची निवडली जातात. सुटणारी मुले दोन्हीकडे तीच.

याच्या उलट टोकाचा प्रयोग सातारा तालुक्यातच झाला आणि तो राज्यभर गाजला. कुमठे बीटच्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी 2012 च्या सुमारास आपल्या बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांतून ज्ञानरचनावादी पद्धत आणली. पहिलीतले मूल मणी आणि काड्या हाताळून, दहा-दहाचे गठ्ठे बांधून संख्या शिकत होते. फरशीवर रंगवलेल्या तक्त्यांवर मुले स्वतः बसून गटात वाचत होती. गुरुजी खुर्चीवरून उठून मुलांत खाली बसले होते. राज्यभरातले शिक्षक बसगाड्या करकरून कुमठ्याला बघायला आले, आणि 2015 च्या जूनमध्ये निघालेल्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमामागे या अनुभवाचा मोठा वाटा होता. पुढे अनेक शाळांनी फक्त फरश्या रंगवल्या. रंग उडाला, पद्धत आलीच नाही. पण मूळ प्रयोगातला धडा परीक्षेच्या दृष्टीने मोलाचा आहे. ज्या मुलाने पहिली-दुसरीत 177 मधून सहा-सहाचे गठ्ठे खरोखर बांधले आहेत, त्याला 29 गठ्ठे आणि 3 सुट्या काड्या डोळ्यांसमोर दिसतात. डाळिंबाचा प्रश्न त्याला चकवू शकत नाही. अशा मुलाची शिष्यवृत्तीची अर्धी तयारी दुसरीतच झालेली असते, गाईड नावाचे पुस्तक त्याने कधी पाहिलेही नसते.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने आणखी साधा उपाय शोधला. 2022 च्या ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही-मोबाइल बंद राहतात. मुले अभ्यासाला बसतात. मोठ्यांनीही तेवढा वेळ मालिका पाहायची नाही, हे यातले खरे मर्म. मुलाला 'अभ्यास कर' म्हणून दटावायचे आणि शेजारी बसून स्वतः रील बघायचे, हा घरोघरचा तमाशा तिथे निदान दीड तास थांबतो. या दीड तासातली वीस मिनिटे मुलाने मोठ्याने वाचले आणि आजी-आजोबा, आई, ज्याला वेळ असेल त्याने ऐकले, तरी दुसऱ्या कुठल्या क्लासची गरज कमी होते. काय वाचावे? उतारे नकोत. गोष्टी, वर्तमानपत्रातली गावाची बातमी, एसटीचे वेळापत्रक, औषधाच्या बाटलीवरची सूचना, काहीही. शिष्यवृत्तीच्या भाषेच्या पेपरात बातमी, जाहिरात, संवाद यांवर प्रश्न असतातच. महाबळेश्वरजवळच्या भिलारला 2017 पासून पुस्तकांचे गाव आहे, तिथे शाळेची सहल नेऊन स्ट्रॉबेरीसोबत एकेक पुस्तक वाचायला लावणे हीसुद्धा परीक्षेचीच तयारी आहे.

आता ज्यांच्यापर्यंत यातले काहीच जात नाही, त्यांच्याकडे. पाटण-जावळीच्या डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेत चार इयत्ता दोघांत वाटलेल्या असतात, चौथीला कधी दोन मुले, कधी एक. तिथे बॅच काढायचा प्रश्नच नसतो, तिथे प्रश्न गुरुजींच्या वेळेचा. केंद्रातल्या अशा चार-पाच शाळांची मुले आठवड्यातून एकदा केंद्रशाळेत एकत्र आणता येतात. एकटे मूल आणि पाचजणांत बसून वाद घालणारे मूल यांच्या शिकण्यात फरक पडतो. जतच्या सीमेवर जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. शिष्यवृत्ती घेणारी राज्याची परीक्षा परिषद कन्नडमधूनही प्रश्नपत्रिका देते, पण कन्नडमधले सराव साहित्य मराठीच्या मानाने फारच थोडे. तिथल्या शिक्षकांना ते स्वतः तयार करावे लागते, आणि हे काम जिल्हा परिषदेने त्यांच्या माथी न मारता स्वतः करायला हवे.

सर्वांत वाईट अवस्था ऊसतोड मजुरांच्या मुलांची. दोन्ही जिल्ह्यांतले कारखाने ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेटतात आणि मार्चपर्यंत चालतात. बीडकडून आलेली कुटुंबे फडाशेजारी कोप्या घालून राहतात, आणि इकडच्या दुष्काळी गावांतलीही काही कुटुंबे कोयता घेऊन बाहेर पडतात. शिष्यवृत्तीची तयारी आणि परीक्षा नेमकी याच हंगामात. अर्ज एका शाळेतून भरलेला, मूल दुसऱ्या जिल्ह्यात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण ते मूल परीक्षेच्या दिवशी आपल्या केंद्रावर पोहोचेल की नाही, याची जबाबदारी कुणाचीच नाही. निदान चौथीची परीक्षा गळीत हंगामाच्या बाहेर कायमची ठेवली तर हा एक अडसर तरी निघेल.

परीक्षा चौथीला परत येण्यातला धोका मघाशी म्हटला तो असा. पाचवीची तयारी चौथीत सुरू होत होती, आता चौथीची तिसरीत, आणि खासगी परीक्षांच्या कृपेने पहिली-दुसरीतही होईल. सहा वर्षांच्या मुलाला उत्तरपत्रिकेवरचे गोल रंगवायला बसवणारे महाभाग आजच आहेत. सिंगापूरसारख्या परीक्षावेड्या देशाने 2019 पासून पहिली-दुसरीच्या गुणांकित परीक्षा बंद केल्या. आपल्याकडे त्याच वयाच्या मुलांच्या गळ्यात पदके घालून फोटो निघतात. पहिली-दुसरीला परीक्षा नको. त्या दोन वर्षांत मूल न अडखळता वाचायला लागले आणि शंभरपर्यंतच्या संख्यांशी खेळायला लागले, तर चौथीत दोन महिने आणि दहा सराव पेपर भरपूर होतात.

ग्रामपंचायती, शाळा व्यवस्थापन समित्या आणि पालकांना एकच विनंती. निकालाच्या दिवशी शाळेत जाऊन गुणवत्ता यादीत किती आले हे विचारू नका. चौथीच्या पटावर किती मुले होती, त्यांतल्या कितींचे अर्ज भरले आणि त्यांतली किती पात्र ठरली, हे तीन आकडे मागा. शाळानिहाय निकाल मुख्याध्यापकांकडे असतोच. ते तीन आकडे शाळेच्या दर्शनी भिंतीवर, गुणवंतांच्या नावांच्या वर, लिहायला सांगा.